सूतभराच्या आत

आमच्या कोल्हापुरात जुने सुतार आणि गवंडी अजून सुतात बोलतात. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक सूत. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर तीनाहून जरासं जास्त. दार सूतभर घासतंय म्हटलं की सुतार रंधा काढतो, भिंत सूतभर पोटात असली तर गवंडी ती गिलाव्यात सांभाळून घेतो. रोजच्या बोलण्यातही ‘सूतभर इकडचं तिकडं नाही’ म्हणजे काम चोख, पुढे शंका नको. चाळिशी ओलांडल्यावर मी पहिल्यांदा गाडीचं इंजिन खोललं तेव्हा अचूकपणाची माझी समज एवढीच होती. इंजिनच्या पोटात क्रँकशाफ्ट आणि त्याचं बेअरिंग यांच्यामध्ये जी फट ठेवलेली असते, ती सुताचा शंभरावा हिस्सा असते. कुठे दोन शंभरांश, पण त्याच घरातली. त्या फटीत ऑइल असतं, आणि त्या ऑइलवर सगळं इंजिन तरंगत असतं. हे पुस्तक त्या शंभराव्या हिश्शाबद्दल आहे.

ज्यांनी आजवर फार तर स्टेपनी बदलली आहे, कधी प्लग काढून घासले आहेत, अशांसाठी ते लिहिलं आहे. मिस्त्री लोकांना यातलं बरंचसं पाठ असतं. घरी, स्वतःच्या हातांनी, पहिल्यांदा इंजिन बांधू पाहणाऱ्या माणसाला मात्र नेमकं कुठे थांबायचं, कुठे मोजायचं आणि कुठे काम दुसऱ्याकडे सोपवायचं, हे सांगणारं मराठीत मला काही मिळालं नव्हतं. मी जे शिकलो ते उद्यमनगरातल्या दुकानांच्या पायऱ्यांवर बसून, आणि एक इंजिन वाया घालवून.

सबंध पुस्तकात मी उदाहरणाला एकच इंजिन घेतलं आहे, प्रीमियर पद्मिनीचं. माझ्या वडिलांची गाडी तीच, हे एक कारण. दुसरं कारण असं की शिकायला याहून सरळ इंजिन मला माहीत नाही. चार सिलिंडर एका ओळीत, ६८ मिलिमीटरचा बोअर, ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक, सगळे मिळून १०८९ सीसी. लोखंडी ब्लॉक, त्यावर ॲल्युमिनियमचं हेड. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, तिथून पुशरॉड वर जाऊन रॉकर हलवतात आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबतात. टायमिंग बेल्ट नाही, संगणक नाही, सेन्सर नाहीत. बॉनेट उघडलं की दोन्ही बाजूंनी हात जातो, आणि प्रत्येक भाग कशासाठी आहे ते पाहूनच बरंचसं कळतं.

या मापांचा इतिहासही लांबलचक आहे. फियाटनं १९३७ मध्ये इटलीत ‘बालिल्ला ११००’ साठी हाच बोअर आणि हाच स्ट्रोक ठरवला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे फियाट ११०० तयार होऊ लागली, सत्तरच्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं, आणि त्या पेट्रोल इंजिनची ही दोन मापं अखेरपर्यंत तीच राहिली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. तिच्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. पण तोवर या इंजिननं मुंबईतल्या किती पिढ्यांच्या मिस्त्रींना शिकवलं असेल! म्हणून पिस्टन, रिंगा, गॅस्केट अजून शोधले की सापडतात. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजूला, पुण्यात नाना पेठेत, आमच्याकडे उद्यमनगरात. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी चक्कर टाकणारा तर कधी अख्खं हेड घेऊन येतो.

तुमच्याकडे मारुती ८०० असेल तरी पुस्तक उपयोगी पडेल. तिथे तीन सिलिंडर, ७९६ सीसी, आणि कॅमशाफ्ट वर हेडमध्ये, बेल्टवर फिरणारा. सोडण्याचा क्रम बदलेल. मोजण्याची रीत तीच राहील.

इंजिन सोडण्याआधी ते सोडायला हवं आहे का, हे ठरवावं. पहिलं प्रकरण त्यावर खर्च केलं आहे, आणि घाईच्या वाचकांनी तेच ओलांडू नये. गॅरेजमध्ये ‘हाफ इंजिन’ आणि ‘फुल इंजिन’ असे दोन शब्द चालतात. हाफ म्हणजे हेड, व्हॉल्व्ह, रिंगा. फुल म्हणजे बोअरिंगपासून क्रँकपर्यंत सगळं. धूर दिसला की फुल, असा निकाल पुष्कळदा उभ्या उभ्या दिला जातो. पण सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येऊन मिनिटभरात थांबत असेल, तर रात्रभर व्हॉल्व्ह गाइडमधून ऑइल झिरपलेलं असतं. हेडचं काम पुरतं. चालत्या गाडीचा निळा धूर, चढावर वाढणारा, तो रिंगा-बोअरचा. काळा धूर कार्बोरेटरचा आणि जास्त पेट्रोलचा, त्यासाठी इंजिन खोलायचं कारण नाही. गरम इंजिनवरही हटत नाही असा दाट पांढरा धूर, आणि सोबत रेडिएटरचं पाणी कमी होणं, हे हेड गॅस्केटचं लक्षण.

याच्या पुढची परीक्षा कॉम्प्रेशन गेजची. चारही प्लग काढायचे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, स्टार्टर मारायचा, आणि एकेका सिलिंडरचा आकडा लिहायचा. चौघांत एक-दशांशाच्या आत फरक असेल तर चिंता नको. एखादा खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर गळती रिंगांतून आहे, ऑइलनं ती तात्पुरती बुजवली. चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडलेले असतील तर त्यांच्या मधली गॅस्केट फुटली आहे, असं बहुतेक वेळा निघतं. अर्ध्या तासाचं काम आहे. या अर्ध्या तासानं मी ओळखीतल्या दोघांची इंजिनं खोलण्यापासून वाचवली आहेत.

आता ऋतू. हे कुठल्याच परदेशी पुस्तकात सापडणार नाही, पण आमच्याकडे त्याला फार महत्त्व आहे. मृग लागल्यावर इंजिन खोलू नका. होनिंग केलेलं उघडं लोखंड आषाढातल्या हवेत एका रात्रीत तांबूस होतं, आणि तो तांबूसपणा म्हणजे त्या बोअरच्या पृष्ठभागाची नासाडी. खंडेनवमीला हत्यारं पुसायची, पूजा करायची, दसरा होऊ द्यायचा आणि मग काम काढायचं. पुढे सात-आठ महिने कोरडे मिळतात. घरी काम करणाऱ्याला एवढे लागतात, आणि लागू द्यावेत. गॅरेजवाल्याच्या दारात दुसरी गाडी उभी असते, त्याला संध्याकाळी हेड बसवावंच लागतं. तुमच्या दारात कुणी उभं नाही. तुमच्याजवळ मिस्त्रीचा हात नाही, पण मिस्त्रीजवळ नसलेला वेळ आहे, आणि तो मोजण्यात आणि धुण्यात घालवायचा आहे.

सोडण्याचं काम अवघड नाही. अवघड असतं ते कुठून काय निघालं हे लक्षात ठेवणं. श्रीखंडाचे रिकामे डबे वर्षभर जमवून ठेवा, प्रत्येकावर कागद चिकटवा. मोबाइलनं फोटो काढाच, पण वहीत चित्रही काढा, कारण चित्र काढताना डोळा जे टिपतो ते फोटो काढताना टिपत नाही. आठ पुशरॉड पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात ओळीनं खोचा. जो ज्या टॅपेटवर घासला गेला त्याच जागी त्याला परत जायचं आहे. कनेक्टिंग रॉडच्या आणि मेन बेअरिंगच्या कॅप यांची अदलाबदल कधीही होता कामा नये. कॅप जागेवर कसून मगच त्या भोकाला कारखान्यात गोल केलेलं असतं. दुसऱ्याची कॅप बसली तर दिसायला बसते, पण भोक गोल राहत नाही. सोडण्याआधी दोन्ही अर्ध्यांवर त्याच बाजूला सेंटर पंचनं खुणा करा: पहिल्याला एक ठिपका, दुसऱ्याला दोन. हेड मात्र इंजिन पूर्ण थंड असतानाच सोडायचं. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, आणि गरम हेड एका बाजूनं सैल केलं की ते वाकतं.

इथून पुस्तकाचा मुख्य भाग सुरू होतो, मोजण्याचा.

सिलिंडर झिजतो तो सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या टोकाला, जिथे पिस्टन क्षणभर थांबून उलटा फिरतो, तिथे ऑइल सर्वात कमी आणि दाब सर्वात जास्त, म्हणून तिथे झीज जास्त. त्याच्याही वर, जिथे रिंग पोचतच नाही, तिथे मूळ मापाचा काठ शिल्लक राहतो, नखानं जाणवतो. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका होताना पिस्टनला बाजूला रेटतो, त्यामुळे गोल बोअर हळूहळू लांबट होत जातो. म्हणून प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवा व उभा, असा सहा वेळा मोजायचा. चार सिलिंडरांची चोवीस मापं होतात. ही चोवीस मापं लिहिल्याशिवाय रिंगा आणायला बाजारात जाऊ नका. लांबट झालेल्या बोअरमध्ये नवी गोल रिंग घातली तर ती दोन बाजूंना टेकते, दोन बाजूंना टेकत नाही, आणि खर्च करूनही धूर तसाच राहतो.

मापांच्या बाबतीत आपल्याकडे एक घोळ आहे तो आधीच सांगतो. कंपनीचं पुस्तक मिलिमीटर सांगतं, आणि लेथवाला ‘थाउ’ सांगतो, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. एक थाउ म्हणजे मिलिमीटरचा साधारण चाळिसावा भाग. रिंगेच्या तोंडाच्या फटीचा जुना हिशेब थाउतच आहे: बोअरच्या दर इंचाला चार थाउ. ६८ मिलिमीटर म्हणजे पावणेतीन इंचांना जरा कमी, म्हणजे अकराएक थाउ, म्हणजे पाव मिलिमीटरच्या किंचित वर. फिलर गेजची पाती त्यात सरकवून बघायची. हिशेब एकाच भाषेत ठेवा. मी वही मिलिमीटरमध्ये ठेवतो आणि दुकानात जाताना बाजूला थाउ लिहून नेतो.

बेअरिंगची फट एवढी जिवावर बेतणारी का असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शोधता शोधता मी १८८३ पर्यंत मागे गेलो. लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्ससाठी बीचम टॉवर नावाचे एक अभियंते आगगाडीच्या आसासारख्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. ऑइल सोडायला म्हणून त्यांनी बेअरिंगला वरून भोक पाडलं. यंत्र फिरवलं तर भोकातून ऑइल आत जायच्या ऐवजी बाहेर यायला लागलं. त्यांनी बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही वर आली. मग त्यांनी दाबाचं गेज लावलं, तर काटा चौरस इंचाला दोनशे पौंडांच्या वर गेला, आणि बेअरिंगवरचा सरासरी भार होता त्याच्या निम्मा. फिरणारा दांडा स्वतःच ऑइलला पाचरीसारखं फटीत ओढत होता आणि त्या पाचरीवर स्वतःच उचलला जात होता. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, मँचेस्टरच्या ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी याचं गणित मांडलं. आजही प्रत्येक इंजिनचं बेअरिंग त्याच गणितावर उभं आहे.

हे कळल्यावर सगळं उलगडतं. फट फार कमी ठेवली तर ऑइलला पाचर करायला जागा नाही, धातूला धातू लागतो. फार जास्त झाली तर ऑइल बाजूनं निसटून जातं, दाब टिकत नाही, आणि गरम इंजिनवर ऑइलचा लाल दिवा मिणमिणू लागतो. तीन हजार आरपीएमवर क्रँक सेकंदाला पन्नास फेरे मारतो, प्रत्येक पिस्टन त्या एका सेकंदात शंभर वेळा थांबतो आणि उलट फिरतो, आणि या सगळ्याचा भार केसाहून पातळ अशा ऑइलच्या थरावर असतो. तुमच्याकडे बोअर गेज नसेल तर निदान प्लास्टिगेज आणा. मेणासारख्या मऊ प्लास्टिकचा तो बारीक धागा बेअरिंगवर ठेवायचा, कॅप सांगितलेल्या टॉर्कला कसायची, क्रँक अजिबात न फिरवता परत सोडायची, आणि धागा किती पसरला ते सोबतच्या पट्टीनं मोजायचं. पहिल्यांदा करताना मला शाळेतल्या प्रयोगवहीची आठवण झाली. तीच शिस्त इथे हवी.

बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेडचा फेस मारणं ही कामं घरची नाहीत. घरी ड्रिलला दगड लावून होनिंग करणारे लोक आहेत. थोडा झिजलेला गोल बोअर असेल तर ते चालतं, एरवी नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगराचं भाग्य असं की विहिरीवरच्या ऑइल इंजिनांमुळे इथे कित्येक दशकं बोअर आणि क्रँक यांचीच कामं होत आली. मी पहिल्यांदा ब्लॉक घेऊन एका जुन्या दुकानात गेलो तेव्हा काकांनी ब्लॉककडे पाहिलंसुद्धा नाही.

‘‘पिस्टन आणलाय?’’

‘‘नाही काका, आधी बोअर करून घ्यावा म्हटलं.’’

‘‘मग बोअर कुणाच्या मापानं करू, तुझ्या?’’

ओव्हरसाइज म्हणून विकलेले पिस्टनही खोक्यावरच्या आकड्याशी अगदी तंतोतंत नसतात. आधी पिस्टन आणायचे, ते मोजायचे, आणि प्रत्येक बोअर त्याच्या पिस्टनला अनुसरून करायचा. काकांनी मला परत पाठवलं आणि मी चार दिवसांनी पिस्टन घेऊन आलो. दुकान निवडताना एवढंच बघा: पिस्टन मागतात का, आणि काम झाल्यावर मापं लिहून देतात का. दोन्हीला हो असेल तर पैशाची घासाघीस करू नका.

आता त्या वाया गेलेल्या इंजिनबद्दल. काकांनी केलेला बोअर उत्तम होता. मी ब्लॉक घरी आणला, रॉकेलनं धुतला, पुन्हा रॉकेलनं धुतला, हवा मारली. आरशासारखा दिसत होता. इंजिन बांधलं, सुरू झालं, आवाज गोड होता. पाचेक हजार किलोमीटर झाले असतील नसतील, ऑइल कमी होऊ लागलं, आणि पन्हाळ्याच्या चढाला मागे निळा धूर दिसला. मी रिंगांना दोष दिला, मग दुकानाला दिला. खोलून रिंगा घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी रिंगेवरून बोट फिरवलं आणि एकच विचारलं, ‘‘धुतलास कशानं?’’

होनिंगचे दगड झिजतात तेव्हा त्यांची कणीदार पूड निघते, काचेसारखी कठीण. ती ऑइलात मिसळून होनिंगच्या चिरांमध्ये आणि बिडाच्या छिद्रांमध्ये जाऊन बसते. रॉकेल ऑइल पातळ करून वाहून नेतं आणि पूड तिथेच ठेवतं. पृष्ठभाग चकाकतो, डोळ्यांना स्वच्छ वाटतो, आणि प्रत्येक रिंग पॉलिश पेपरवर घासल्यासारखी झिजत राहते. साबणाचा फेस ती कणी उचलतो, रॉकेल उचलत नाही. एवढ्या एका गोष्टीच्या अज्ञानानं माझ्या चार सिलिंडरांना पुन्हा बोअर करावं लागलं, पुढच्या मापाचे पिस्टन लागले. ब्लॉकमधलं एकदा कापलेलं लोखंड परत येत नाही. असे तीन-चारच टप्पे असतात, मग स्लीव्ह घालावी लागते. मी त्यातला एक टप्पा रॉकेलच्या डब्यात घालवला.

दुसऱ्या वेळी बंबात पाणी तापवलं, कपडे धुण्याची पावडर घेतली, बाटल्या धुण्याचा लांब ब्रश घेतला. प्रत्येक बोअर घासला, धुतला, लगेच कोरडा करून ऑइलचा हात दिला, कारण ओलं बीड पाहता पाहता गंजू लागतं. मग वडिलांच्या जुन्या धोतराचे तुकडे केले, पांढरेशुभ्र. ऑइलात बुडवून एकेक तुकडा बोअरवर फिरवला. पहिला तुकडा राखाडी निघाला, पाचवाही राखाडी. फडकं पांढरं निघेपर्यंत तीन वेळा पुन्हा साबण लावावा लागला. ते इंजिन आज चौदा वर्षं चालतं आहे, आणि दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये वरून ऑइल घालावं लागत नाही. धुण्याचं प्रकरण या पुस्तकात सर्वात लांब झालं आहे ते यामुळे. त्यात ऑइल गॅलरीतून तार-ब्रश कसा फिरवायचा तेही आहे, आणि सिलिकॉन सीलंट कमी का लावायचं तेही. आत ओघळलेलं सीलंट सुटून ऑइल पंपाच्या जाळीवर बसतं.

व्हॉल्व्हचं काम घरी बसून करण्यासारखं, आणि सर्वात आनंदाचं. व्हॉल्व्हच्या कडेला ग्राइंडिंग पेस्ट लावायची, चोखणीची काठी चिकटवायची आणि दोन्ही तळव्यांत ताकाच्या रवीसारखी फिरवायची. कडेवर आणि सीटवर सलग, अखंड, फिकट राखाडी रेघ उमटली की झालं. मग पोर्टमध्ये रॉकेल ओतून ठेवायचं आणि चहा घेऊन यायचं. थेंब झिरपला नसला पाहिजे. आपल्याकडे २००० च्या फेब्रुवारीपासून शिसं असलेलं पेट्रोल बंद झालं. त्या शिशाचा व्हॉल्व्ह सीटला जो आधार असे तो आता नाही, म्हणून सीट बदलायची वेळ आली तर कठीण धातूच्याच मागा. आजच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलनं जुने रबरी पाइपही फुगतात. इंजिन बाहेर असतानाच ते बदलून टाका.

कसण्याबद्दल दोनच गोष्टी. टॉर्क रेंचनं आपण बोल्टला पीळ देतो, पण हवा असतो तो ताण. आणि दिलेल्या जोरातला नऊ-दशांश जोर घर्षणातच खर्ची पडतो. आटे मळलेले किंवा गंजलेले असतील तर रेंच ‘टक्’ म्हणतो आणि बोल्ट सैलच असतो. म्हणून आटे धुवा, आणि तळ बंद असलेल्या भोकांमध्ये ऑइल साचू देऊ नका. वरून बोल्ट उतरला की त्या ऑइलला जायला वाट नसते आणि ब्लॉक तडकतो. हेड मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं. बाकी आकडे त्या त्या प्रकरणात आहेत.

सुरक्षेबद्दल मी कठोर आहे, आणि वाचकांनी ते मनावर घ्यावं. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही, कधीही, मिनिटभरही जाऊ नये, घोड्या लावा. इंजिन उतरवायला चेन ब्लॉक भाड्यानं मिळतो, तो नीट तिकाटण्याला टांगा. आंब्याच्या फांदीला आणि पंख्याच्या हुकाला इंजिन लटकवलेलं मी पाहिलं आहे. बॅटरीची तार पहिल्यांदा सोडा. भाग धुवायला पेट्रोल वापरू नका. बंद पडवीत त्याची वाफ जमिनीलगत साचते आणि दूरच्या एका ठिणगीनं पेटते. मुलं हौसेनं मदतीला येतात, त्यांना डबे, खुणा आणि वही द्या.

पैसे वाचतील म्हणून कुणी या कामाला लागू नये. पहिल्या वेळी मायक्रोमीटर, टॉर्क रेंच, रिंग कॉम्प्रेसर हे घेण्यातच गॅरेजच्या मजुरीएवढा खर्च होतो. ज्याला आपली गाडी चालते कशी हे हातानं जाणून घ्यायचं आहे, आणि जुनं पण दणकट लोखंड भंगारात जाऊ द्यायचं नाही, त्यानं करावं. गाडीच्या आरसीवर जो इंजिन क्रमांक असतो तो ब्लॉकवर ठोकलेला असतो. तोच ब्लॉक पुन्हा बांधला तर कागदपत्रं जशीच्या तशी राहतात. दुसरा ब्लॉक आणला तर आरटीओची परवानगी आणि नोंद लागते. दुकानात ब्लॉक देताना तो क्रमांक दाखवून सांगा की या जागेला हात लावायचा नाही.

शेवटच्या प्रकरणात पहिला स्टार्ट आहे. तिथेही घाई नको. प्लग काढून, नुसता स्टार्टर मारत, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत क्रँक फिरवायचा, म्हणजे कोरड्या बेअरिंगवर पहिला स्फोट होत नाही. मग प्लग लावायचे. पहिलं ऑइल पाचशे किलोमीटरला काढायचं आणि ते पांढऱ्या परातीत ओतून उजेडात बघायचं.

पण हे सगळं नंतर. हे पान उलटण्याआधी एक दोनशे पानी वही आणा, कडक पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर तारीख घाला, गाडी किती किलोमीटर चालली आहे ते लिहा, ब्लॉकवरचा क्रमांक स्वतः वाचून उतरवा आणि आरसीशी ताडून बघा. खाली चार ओळी आखा आणि चार सिलिंडरांचं कॉम्प्रेशन लिहा. त्या चार आकड्यांखाली मला सांगायचं ते पहिलं प्रकरण सुरू होतं.